शूमान ऐकताना मध्येच येणारा तो ‘टक्’

चाळीसगावच्या भाऊंची तक्रार वाचली. गाण्यांच्या ॲपवर शूमान या संगीतकाराच्या ए मायनर पियानो कॉन्चेर्टोत (पियानो आणि ऑर्केस्ट्रासाठीची मोठी रचना) दुसरी मूव्हमेंट, म्हणजे दुसरा भाग, संपताना ‘टक्’ होतं, क्षणभर शांतता, आणि तिसरी मध्येच कुठून तरी सुरू झाल्यासारखी वाटते. रेकॉर्डिंग खराब आहे का, दुसरं घेऊ का, असं विचारलंय. घेऊ नका. तुमचं रेकॉर्डिंग ठणठणीत आहे. हेच दुखणं मी इथे भुसावळात बसून भोगलंय.

शूमानने या दोन मूव्हमेंट जोडूनच लिहिल्यात. इंटरमेझोच्या, म्हणजे दुसऱ्या मूव्हमेंटच्या, शेवटी क्लॅरिनेट आणि बसून ही फुंकवाद्यं पहिल्या मूव्हमेंटची सुरावट हळूच आठवून देतात, एकदा मेजरमध्ये (उजळ), एकदा मायनरमध्ये (उदास), आणि तिथूनच ऑर्केस्ट्रा चढत शेवटच्या मूव्हमेंटमध्ये शिरतो. सगळी गंमत त्या चढणीत आहे, आणि ॲप नेमकं तिथेच श्वास घेतं. सेटिंगमध्ये गॅपलेस (दोन ट्रॅकमध्ये खंड न पाडणं) चालू करा, क्रॉसफेड (एक ट्रॅक विरवत त्यावर दुसरा चढवणं) बंद करा. एमपीथ्री फाइल असेल तर तिच्या दोन्ही टोकांना थोडी शांतता आपोआप चिकटते. फ्लॅक या, आवाज जसाच्या तसा ठेवणाऱ्या फाइलमध्ये तो त्रास नाही.

एवढी साधी गोष्ट ॲपच्या ज्या कस्टमर केअरने सांगायला हवी होती, त्यांनी मला काय सांगितलं? आधी ‘कॅशे क्लिअर करा’. मग ‘ॲप काढून परत टाका’. टाकलं, तर डाउनलोड केलेलं सगळं गेलं. मग एका बाईंचं उत्तर आलं : ‘सर, दोन्ही गाणी वेगवेगळी लावून पाहिली, व्यवस्थित चालतात.’ अहो, वेगवेगळी चालतात हीच तर तक्रार आहे! तेवढ्यावर तक्रार ‘निकाली’. वर्षभराचे पैसे आधीच भरलेले, ते परत मिळणं नाहीच. नाव घेत नाही, पण वर्षाचं पॅक घेण्याआधी महिन्याचं घ्या आणि संगीतकार लिस्टचा पहिला पियानो कॉन्चेर्टो किंवा मेंडेल्सोनचा जी मायनर पियानो कॉन्चेर्टो लावून बघा. दोन्हींत मूव्हमेंट जोडलेल्या आहेत, ॲपची लबाडी लगेच कळते.

आवाज सारखा करणारं सेटिंग असेल तर तेही बंद करा किंवा अल्बमनुसार ठेवा. ट्रॅकनुसार ठेवलं की बिचारा इंटरमेझो शेवटच्या मूव्हमेंटइतका मोठा होऊन बसतो. आणि मे महिन्यात कूलरसमोर बसून ऐकत असाल तर कुठलंच सेटिंग कामाचं नाही. रखमानिनोव्ह या संगीतकाराच्या दुसऱ्या पियानो कॉन्चेर्टोची सुरुवात एकट्या पियानोच्या अगदी दबक्या आवाजात होते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते पहिले कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) कूलरच खातो. मी पहाटे ऐकतो.

मी वादक नाही, कान माझे आहेत एवढंच, तेव्हा पुढचं मत म्हणून घ्या. दहा कलाकारांची तुलना करत बसू नका. शूमानसाठी पियानोवादक दिनू लिपाटी आणि ऑर्केस्ट्राचा कंडक्टर कारायान यांचं 1948 चं रेकॉर्डिंग ऐका. मोनो (स्टीरिओ नसलेलं) आहे म्हणून नाक मुरडू नका. रखमानिनोव्हने स्वतः दुसरा कॉन्चेर्टो 1929 मध्ये कंडक्टर स्टोकोव्स्कीबरोबर रेकॉर्ड केलाय. खरखर आहे, पण आज लोक तो जितका लोळवत वाजवतात तितका त्याने स्वतः लोळवलेला नाही.

गाडीत पेनड्राइव्हवर ऐकत असाल तर बहुतेक कार स्टीरिओ गॅपलेस जाणत नाहीत. ऑडॅसिटी हे आवाज एडिट करायचं सॉफ्टवेअर फुकट आहे. सीडीवरून काढलेले दोन्ही ट्रॅक त्यात जोडून एकच फाइल करा. फक्त फ्लॅकमध्ये काढण्याआधी तुमचा स्टीरिओ फ्लॅक वाजवतो का ते बघून घ्या.