लंडनमध्ये राहून छोट्या नॉन-लीग मैदानांवर फुटबॉल बघायला जाण्यात खरंच मजा आहे का?

जा. येत्या शनिवारीच जा. फक्त निघायच्या आधी पावसाकडे बघा. का, ते खाली येतंच.

तुम्ही लिहिलंय की सप्टेंबरात शिकायला लंडनला आलात, प्रीमियर लीगच्या तिकिटासाठी आधी मेंबरशिप, मग सोडत, मग साठ-सत्तर पौंड हे गणित बघून नाद सोडलात, आणि वर्गातल्या कुणीतरी ‘नॉन-लीग बघ’ म्हणून सुचवलं. शंका अशी की मैदानावरचा एकही खेळाडू ओळखीचा नसताना नव्वद मिनिटं थंडीत उभं राहून करायचं काय? रास्त शंका आहे, मलाही होती. मी मूळचा कोल्हापूरचा, इथे येऊन अकरा वर्षं झाली, आणि आतापर्यंत साठेक मैदानं पायाखालून गेलीत. या छंदात साठ म्हणजे कच्चं लिंबू. हजाराच्या वर मैदानं वहीत मांडून ठेवणारे आजोबा इथे भेटतात.

आधी नावाचा घोळ. १८८८ साली फुटबॉल लीग निघाली, तिच्या बाहेर राहिलेले सगळे ते नॉन-लीग. आज वरच्या चार पायऱ्यांवर मिळून ९२ क्लब आहेत आणि पाचव्या पायरीपासून खालचं सगळं नॉन-लीग. तिथेही लीगच असतात, ढीगभर, आणि एकीच्या डोक्यावर दुसरी अशा रचलेल्या. जिंकलात की वर, हरलात की खाली. १९८७ पासून चौथ्या पायरीच्या तळाचा क्लब आपोआप पाचवीत घसरतो, त्यामुळे कागदावर तरी गावच्या मैदानापासून थेट प्रीमियर लीगपर्यंत जिना सलग आहे. जेमी वार्डी तो जिना चढून गेला. शेफील्डजवळच्या स्टॉक्सब्रिज पार्क स्टील्सकडून खेळायचा आणि दिवसा कारखान्यात कामाला जायचा; २०१२ मध्ये लेस्टर सिटी क्लबकडे आला आणि २०१६ मध्ये प्रीमियर लीगचा विजेता झाला. स्टॉक्सब्रिजला आज त्याच्या नावाचा स्टँड आहे. असे वार्डी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच. बाकीचे सोमवारी प्लंबिंगच्या, शाळेच्या, गोदामाच्या कामाला जातात.

माझी सुरुवात डलिच हॅम्लेटपासून झाली, तुम्हीही तिथूनच करा. लंडन ब्रिज स्टेशनवरून ईस्ट डलिचची गाडी पकडायची, पाव तासाचा प्रवास. स्टेशनाजवळच्या मोठ्या सुपरमार्केटच्या मागे चॅम्पियन हिल नावाचं ग्राउंड आहे. क्लब १८९३ सालचा, रंग गुलाबी आणि गडद निळा. आठवड्याचा किराणा घ्यायला आलेली माणसं एका बाजूला आणि गुलाबी-निळे मफलर दुसऱ्या बाजूला वळतात. खरं सांगायचं तर हे मैदान छोटं म्हणवत नाही, दोन-तीन हजार माणूस सहज जमतो. पण नवख्याला बुजल्यासारखं होत नाही. रस्त्याचं नाव एडगर केल वे. हा केल आयुष्यभर याच हौशी क्लबकडून खेळला, १९२९ मध्ये इंग्लंडकडून ३ सामने खेळला, आणि आजची विशीतली पोरंही त्याच्या नावानं ओरडतात. २०१८ मध्ये जागेच्या मालकाशी वाद होऊन क्लबला हे मैदान सोडावं लागलं होतं. काही महिने दुसऱ्याच्या घरी खेळून डिसेंबरात परत आले.

त्या पहिल्या दिवशी मला दोन गोष्टी कळल्या. मध्यंतराची शिट्टी झाली आणि आमच्या गोलमागची सगळी गर्दी बिअरचे ग्लास सांभाळत मैदानाला वळसा घालून पलीकडच्या गोलमागे चालती झाली. मला वाटलं, मॅच संपली. मग लक्षात आलं, आपली टीम आता त्या गोलवर चाल करणार, म्हणून आपणही तिकडं. मोठ्या मैदानावर खुर्चीचा नंबर तुम्हाला बांधून ठेवतो. इथे दोन्ही टीमची माणसं एकाच कठड्याला टेकून असतात आणि बिअर मैदानाकडे बघत पिता येते. वरच्या लीगमध्ये १९८५ च्या कायद्यानं ती मुभा नाही.

दुसरी गोष्ट आवाजाची. टीव्हीवर फुटबॉल म्हणजे एक अखंड गर्जना. इथे चेंडूला लागलेल्या लाथेचा आवाज येतो. गोलकीपर आपल्या बॅककडे बघून काय बोलला ते शब्दन्‌शब्द कळतं (पोराबाळांना नेणार असाल तर विचार करा). लाइन्समन तुमच्यापासून दोन हातांवर पळत असतो, आणि मागून एखाद्या म्हाताऱ्यानं त्याच्या चष्म्याची चौकशी केली तर तो कधी हसून उत्तरही देतो. माझं लहानपण कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर गेलं. तिथे पाटाकडील विरुद्ध खंडोबा अशी दोन तालमींच्या टीमची मॅच असली म्हणजे खेळणारा पोरगा कुणाचा, कुठल्या गल्लीतला, काल कुणाच्या दुकानात बसला होता हे आख्ख्या पेठेला माहीत असायचं. चेंडू हुकला की शिवी त्याला बापाच्या नावासकट बसायची. इंग्लंडात आल्यावर दोन वर्षं मी पबमध्ये टीव्हीसमोर बसून काहीतरी चुकतंय म्हणत होतो. चॅम्पियन हिलवर चुकत होतं ते सापडलं. हलगी तेवढी नव्हती.

त्यानंतर मी खाली उतरत गेलो. नवव्या-दहाव्या पायरीवर तिकीट आठ-दहा पौंडांच्या आसपास असतं आणि प्रेक्षक कधी दीडशे, कधी साठ. लीगच्या नियमात बसण्यापुरतं सगळं असतं: फ्लडलाइट, मैदानाभोवती कठडा, पत्र्याखाली थोड्या खुर्च्या. दारात टेबल टाकून बसलेली बाई पैसे घेते, तीच मध्यंतरात रॅफलची, म्हणजे लकी ड्रॉची, तिकिटं विकायला फिरते, आणि मॅच संपल्यावर खुर्च्याही तीच पुसत असते. कुणालाही पगार नाही. टीमची नावं फळ्यावर हातानं लिहिलेली. चहाच्या टपरीत चहा, चिप्स, बर्गर आणि बोव्हरिल. बोव्हरिल म्हणजे बीफच्या अर्काचं गरम पाणी. नाव गोंडस आहे म्हणून न विचारता घेऊ नका. चहाला चहा म्हणायचं तर मन मोठं करावं लागतं, पण जानेवारीत हात शेकायला तो कप लागतोच.

अशा ठिकाणी तुम्ही एकटे, तपकिरी आणि अनोळखी असाल तर लोक बघतील. ‘कुठल्या टीमचे तुम्ही?’ असं विचारतीलही. मला सुरुवातीला त्याचा ताण यायचा. नंतर कळलं की त्यांच्या डोक्यात दोनच शक्यता असतात: एक, हा खेळाडूचा नातेवाईक, दोन, हा ग्राउंडहॉपर, म्हणजे मैदानं गोळा करत फिरणारा. दुसरं उत्तर दिलंत की मग सुटका नाही. क्लबचा सगळा इतिहास ऐकवतील. या मैदानवेड्यांचे सोवळ्याओवळ्याचे नियमही आहेत. कुणी शून्य-शून्य सुटलेली मॅच मोजत नाही, कुणी प्रोग्रॅम, म्हणजे मॅचची छापील पुस्तिका, मिळाली नाही तर भेट झालीच नाही असं मानतो. एका गृहस्थांनी मला गंभीरपणे सांगितलं की मैदानावरून बाहेर आलेला चेंडू हातानं परत फेकल्याशिवाय ते वहीत नोंद करत नाहीत. मी एवढा कर्मठ नाही.

कुठे जावं म्हणाल तर माझी आवड सांगतो. वॉटर्लूवरून टॉलवर्थला जाऊन कॉरिंथियन-कॅज्युअल्स बघा. हमरस्त्याला खेटून असलेलं साधं मैदान, खेळाडू आजही बिनपगारी. यांचा पूर्वज कॉरिंथियन क्लब १९१० मध्ये ब्राझीलच्या दौऱ्यावर गेला, त्यांचा खेळ बघून साओ पावलोच्या कामगारांनी क्लब काढला आणि नावही तेच ठेवलं, कॉरिंथियन्स. त्या क्लबनं २०१२ मध्ये चेल्सीला हरवून क्लब वर्ल्ड कप जिंकला. मूळ घर मात्र टॉलवर्थला चहाच्या टपरीसकट जागेवर आहे, आणि अधूनमधून एखादा ब्राझिलियन देवदर्शनाला आल्यासारखा तिथे फोटो काढत उभा असतो.

लुइस नावाच्या गावचं मैदान सगळ्यात देखणं. व्हिक्टोरियावरून तासाभराची गाडी, उतरलात की पाच मिनिटांत मैदान. नाव ड्रिपिंग पॅन, आणि आहेही परातीसारखं खोलगट, भोवती गवताचे बांध, मागे डोंगर. या क्लबनं २०१७ मध्ये पुरुष आणि बायकांच्या टीमवर सारखा पैसा खर्च करायचं ठरवलं. महिलांची मॅच असेल त्या रविवारी गेलात तर आणखी बरं.

लांब जायची तयारी असेल तर शेफील्ड. तिथल्या सँडीगेट रोडवर हॅलम क्लब १८६० पासून खेळतोय. जगातलं सगळ्यात जुनं फुटबॉल मैदान म्हणून गिनेसमध्ये नोंद आहे. त्याच वर्षी २६ डिसेंबरला इथे शेफील्ड एफसीबरोबर सामना झाला, आणि तो शेफील्ड एफसी म्हणजे १८५७ साली निघालेला, आज खेळत असलेल्यांतला जगातला सगळ्यात जुना फुटबॉल क्लब. दोघेही अजून खेळतायत, दोघेही नॉन-लीग. मी गेलो तेव्हा काहीतरी भव्य दिसेल अशी अपेक्षा होती. दिसलं ते घरांच्या मधोमध एक उतरतं मैदान; एका कोपऱ्यातून चेंडू सोडला तर आपोआप दुसऱ्या कोपऱ्यात जाईल असा उतार. पन्हाळ्याच्या वाटेवर कुणी गोलपोस्ट रोवावेत तसं. दीडशे वर्षांत कुणाला ते सपाट करावंसं वाटलं नाही, याचं मला फार बरं वाटलं.

आणि एक जागा आपल्यासाठी. पूर्व लंडनमधलं इलफर्ड. १९४८ च्या ऑलिंपिकचे काही फुटबॉल सामने लंडनच्या अशा हौशी क्लबांच्या मैदानांवर झाले. मेक्सिको आणि दक्षिण कोरिया तर चॅम्पियन हिलवरच खेळले. ३१ जुलैला इलफर्डमध्ये भारत विरुद्ध फ्रान्स होता. स्वतंत्र भारताचा ऑलिंपिकमधला तो पहिला फुटबॉल सामना, कॅप्टन तालिमेरेन आओ, आणि बहुतेक खेळाडू अनवाणी. आपण दोन पेनल्टी घालवल्या, सारंगपाणी रामननं बरोबरी साधली आणि अगदी शेवटी गोल खाऊन २-१ हरलो. मी इलफर्डला ओल्या नोव्हेंबरात मॅच बघायला गेलो होतो, दोन मोज्यांत पाय गारठले होते, आणि सगळा वेळ त्या उघड्या पायांचाच विचार करत होतो.

आता पावसाचं. डिसेंबर ते फेब्रुवारी या मैदानांवर पाणी साचतं आणि रेफ्री सकाळी येऊन बघून मॅच रद्द करतो. माझ्या दुसऱ्या हिवाळ्यात मी दोन गाड्या बदलून केंटमधल्या एका क्लबला पोचलो. फाटकाला कुलूप, आत गोलसमोर बदकं. क्लबनं अकरा वाजताच सोशल मीडियावर कळवलं होतं. मीच बघितलं नव्हतं. तेव्हापासून गाडीत बसायच्या आधी क्लबचं पान उघडून बघितल्याशिवाय तिकीट काढत नाही. जवळपास कृत्रिम गवताचं मैदान असलेला एखादा क्लब हेरून ठेवा, एका ठिकाणी रद्द झालं की तिकडं जाता येतं. थोडी रोख जवळ असू द्या, बुटांचा तळ जाड असू द्या.

वेळेचं सोपं आहे, शनिवार दुपारी तीन. त्या सुमाराला, पावणेतीन ते सव्वापाच, इथे टीव्हीवर थेट फुटबॉल दाखवायला बंदी आहे. माणसांनी घरी न बसता मैदानावर जावं म्हणून १९६० च्या दशकात सुरू झालेली प्रथा अजून टिकलीय. मंगळवारी रात्री फ्लडलाइटमध्येही मॅच असतात, त्या मला जास्त आवडतात, पण परतीची शेवटची गाडी बघून ठेवा. आणि ऑगस्टात एफए कपच्या, म्हणजे लहानमोठ्या सगळ्या क्लबांच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या, अगदी आरंभीच्या फेऱ्या चुकवू नका. मोठे क्लब त्यात थेट जानेवारीत, तिसऱ्या फेरीला उतरतात. तोवर ही छोटी मंडळी एकमेकांना बाद करत वर सरकतात. २०२१ च्या जानेवारीत आठव्या पायरीवरच्या मरीन क्लबच्या मैदानावर खुद्द प्रीमियर लीगमधला टॉटनहॅम, तेव्हाचे प्रशिक्षक मोरिन्यो यांच्यासकट, येऊन खेळला. कोविडमुळे प्रेक्षक बंद, म्हणून शेजारचे लोक आपापल्या परसातून कुंपणावरून बघत होते. मरीन ५-० हरला, पण दहा पौंडांची नावापुरती तिकिटं ३० हजारांच्या वर खपली.

राहता राहिली रॅफल. तिचं तिकीट घ्याच, एक-दोन पौंडांत क्लबची मदत होते. अकरा वर्षांत मला एकदाच बक्षीस लागलं, आणि ते म्हणजे खाटकाकडचा भरगच्च ट्रे: सॉसेज, बेकन, चॉप्स. लाउडस्पीकरवर माझ्या आडनावाची चिरफाड झाली, साठ लोकांनी टाळ्या वाजवल्या. रात्री ती सॉसेजेस मी आईनं पाठवलेल्या कांदा-लसूण मसाल्यात परतली. पुढच्या शनिवारी डब्यात घालून चारपाच तुकडे त्या दारातल्या बाईंना नेऊन दिले. एक खाऊन त्यांनी अर्धी बाटली पाणी संपवलं. आता दर वेळी तिकिटाचे पैसे घ्यायच्या आधी डबा आणलाय का ते विचारतात.