.२२ पिस्तूल नुसतं 'टक' करतं, गोळी सुटत नाही, फायरिंग पिन बदलू का?

तुम्ही लिहिलंय की क्लबमधल्याच एकाकडून जुनं .२२ चं सेमी-ऑटो टार्गेट पिस्तूल लायसन्सवर घेतलंत, पन्नासातल्या तीन-चार गोळ्यांना 'टक' होतं पण गोळी सुटत नाही, आणि कुणीतरी सांगितलं पिन गेली असेल, नवीन मागवा. माझं म्हणणं आहे पिन आत्ता मागवू नका. आधी ज्या गोळ्या फुटल्या नाहीत त्या जपून ठेवा आणि नीट बघा, बहुतेक वेळा काय बिघडलंय ते त्याच सांगतात.

पण त्याच्याही आधी, 'टक' झाल्या झाल्या काय करायचं ते. हात जिथे आहे तिथेच, पिस्तुलाचं तोंड टार्गेटकडेच, बोट ट्रिगरवरून बाहेर, आणि किमान ३० सेकंद काहीही करायचं नाही. कधी कधी आतली दारू उशिरा पेटते आणि गोळी थांबून सुटते, याला हँगफायर म्हणतात. मी नवीन असताना असंच 'टक' झालं आणि "सर, बघा ना" म्हणत पिस्तुलासकट मागे वळायला लागलो, सरांनी मनगट धरून हात परत टार्गेटकडे वळवला आणि तसाच धरून ठेवला, एक शब्द बोलले नाहीत. ती गोळी नंतरही फुटली नाही, पण मागे बाकावर सहा पोरं बसली होती हे मला अजून आठवतं. ३० सेकंद झाले की मॅगझिन काढा, मग बोल्ट, म्हणजे मागे-पुढे सरकणारा भाग, मागे ओढून गोळी बाहेर काढा, चेंबर, म्हणजे बॅरलच्या मागच्या टोकाला गोळी बसते ती जागा, डोळ्यांनी बघा आणि तिथे सेफ्टी फ्लॅग, म्हणजे पिस्तूल रिकामं असल्याची रंगीत खूण, घाला.

दुसरं म्हणजे आवाज. 'टक' वेगळा आणि 'फुस्स' वेगळा. नेहमीच्या आवाजाऐवजी नुसतं 'फुस्स' झालं, हाताला धक्का लागला नाही, बोल्ट स्वतःहून मागे गेला नाही, तर गोळी बॅरलमध्येच अडकलेली असू शकते आणि तिच्या मागून दुसरी मारली तर बॅरल फुटू शकतं. आमच्या शेजारच्या लेनवर एका ज्युनियरचं असंच झालं, त्याला वाटलं मिसफायर आहे, त्याने हाताने बोल्ट ओढून पुढची गोळी भरली आणि हात उचलला, मी इतक्या जोरात "थांब" ओरडलो की सगळी रेंज थांबली. पिस्तूल रिकामं करून रॉड घातला तर शिसं बॅरलच्या अर्ध्यात बसलेलं होतं. म्हणून 'फुस्स' झालं की त्या दिवसाचं शूटिंग संपलं असं समजा, बॅरल आरपार मोकळं दिसेपर्यंत पुढची गोळी नाही.

आता तुमचा 'टक'. माझ्याकडे हेच झालं होतं, ऑगस्ट महिना, स्पर्धा तोंडावर आणि पन्नासात तीन-चार गोळ्या जात नव्हत्या. मी पण पिनच मागवली, बाहेरून यायला वेळ लागला, पैसे गेले, डीलरकडून बसवून घेतली आणि पहिल्याच दिवशी परत 'टक'. मग आमच्याकडे फौजेतून रिटायर झालेले एक आर्मरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारे, काका यायचे त्यांना विचारलं तर ते म्हणाले न फुटलेल्या गोळ्या कुठे आहेत, आणि मी तर त्या रेंजच्या डब्यात टाकून मोकळा झालो होतो. पुढच्या वेळी सहा गोळ्या ठेवल्या. काकांनी त्या पांढऱ्या कागदावर ओळीने मांडल्या आणि टॉर्चने बुडं दाखवली.

.२२ ची गोळी रिमफायर असते, म्हणजे पेटणारा मसाला बुडाच्या मधोमध नसून कडेच्या आत गोल पसरलेला असतो आणि पिन त्या कडेला चेपून तो पेटवते. माझ्या सहाही गोळ्यांवर खूण होती पण उथळ, नुसती टेकल्यासारखी. रेंज ऑफिसरला विचारून त्याच गोळ्या परत भरून मारल्या तर सहाच्या सहा फुटल्या. काका म्हणाले झालं, पिन चांगली आहे, गोळी चेंबरमध्ये पूर्ण बसतच नाहीये, पहिल्या फटक्याचा जोर तिला पुढे ढकलण्यात जातो आणि दुसऱ्या फटक्याला ती टेकलेली असते म्हणून फुटते. चेंबरमध्ये बघितलं तर पुढच्या बाजूला मेण आणि शिशाचं काळं कडं जमलेलं. .२२ च्या शिशावर मेणासारखं वंगण असतं ते तिथे साठत जातं, आणि मी बॅरल मन लावून पुसायचो पण चेंबरला ब्रश कधी लावलाच नव्हता. ब्राँझचा ब्रश, थोडं सॉल्व्हंट, मग कोरडं कापड. त्यानंतर दोनशे गोळ्यांत एकही मिसफायर नाही.

म्हणून तुमच्या गोळ्यांवर काय दिसतं ते बघा. खूणच नसेल तर पिन गोळीपर्यंत पोचलेलीच नाही, पिनचं टोक तुटलंय का ते बघून घ्या. 'टक' झाल्यावर चेंबर रिकामंच निघालं तर मॅगझिन पूर्ण बसलं नव्हतं किंवा त्याचे ओठ वाकलेत, मॅगझिनवर नंबर टाका, दोष एकाच मॅगझिनला येतो का ते लगेच कळेल. खूण उथळ असेल तर आधी चेंबर, मग पिनची वाट. पावसाळ्यात गंज येईल या भीतीने आपण तेल ओततो, ते घट्ट होतं, त्यात काजळी बसते आणि पिन जड चालते, तिथे तेलाचा हलका हात पुरे. एवढं करूनही उथळच राहिली तर मग स्प्रिंग, जुन्या पिस्तुलात ती थकते. आणि खूण चांगली खोल असूनही गोळी फुटली नसेल तर दोष गोळीचा, त्या जागी कडेत मसाला नीट पसरलेला नसतो. अशा वेळी पिस्तुलाला हात लावू नका, दुसऱ्या लॉटची गोळी वापरून बघा.

एक विचारायचं राहिलं, आधीच्या मालकाने रिकाम्या चेंबरवर ड्राय फायर केलंय का? काही टार्गेट पिस्तुलांत त्यासाठी वेगळी सोय असते, पण ती नसेल तर रिमफायरमध्ये पिन थेट चेंबरच्या काठावर आपटते, काठाला खाच पडते आणि गोळी अडखळत बसते. टॉर्च लावून तो काठ बघाच.

ट्रिगर दाबून 'टक'सुद्धा येत नसेल तर सेफ्टी आणि बोल्ट पूर्ण बंद आहे का एवढंच बघा, आत सिअर (ट्रिगर दाबेपर्यंत हॅमर किंवा पिन अडवून धरणारा भाग) वगैरे उघडून बसू नका. १९५९ च्या आर्म्स ॲक्टप्रमाणे दुरुस्तीच्या धंद्यालाही लायसन्स लागतं, त्यामुळे तशाच माणसाकडे द्या, ओळखीच्या लेथवाल्याकडे नको.

स्पर्धेत झालं तर तोंड टार्गेटकडे ठेवून मोकळा हात वर करा आणि ऑफिसर येईपर्यंत बोल्टला, सेफ्टीला हात लावू नका, लावलात तर तो मालफंक्शन मान्य होत नाही आणि गेलेले शॉट गेलेच. टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकरचं एअर पिस्तूल क्वालिफिकेशनच्या मध्येच बिघडलं, वेळ गेला, ६०० पैकी ५७५ वर १२वी आली, फायनलला आठ जणी गेल्या. तेव्हापासून मी कुठलीही स्पर्धा असली की आदल्या आठवड्यात चेंबर साफ करून त्याच लॉटच्या शंभर गोळ्या मारतो, मगच बॅग भरतो.

न फुटलेल्या गोळ्या खिशात घालून घरी नेऊ नका, फोडून तर अजिबात बघू नका, रेंजवरच बघून रेंज ऑफिसरकडे जमा करा. पुढच्या रविवारी पाच-सहा जमल्या की खूण उथळ आहे की खोल, आणि दुसऱ्या फटक्याला किती फुटल्या एवढं इथे लिहा, मी बघतो.