पहिल्यांदा खेळायला जुना जपानी आरपीजी (पात्राची भूमिका घेऊन खेळायचा व्हिडिओ गेम) कोणता? 'क्रोनो ट्रिगर'च घे

'फायनल फँटसी' या आरपीजी मालिकेच्या कितव्या भागापासून सुरुवात करू, असं विचारलंस. कुठल्याच नको. आधी 'क्रोनो ट्रिगर' खेळ. १९९५चा, सुपर फॅमिकॉम या निन्टेंडोच्या गेम कन्सोलवरचा. त्या काळच्या बहुतेक जपानी आरपीजींत चार पावलं टाकली की न दिसणारा शत्रू अंगावर येतो आणि नवखा तिथेच कंटाळतो. इथे बहुतेक शत्रू समोर दिसतात. काहींना वळसा घालून सटकताही येतं.

सुरुवातीच्या जत्रेत मात्र घाई करू नकोस. तिथे टेबलावर कुणाचा तरी डबा असतो. बटण दाबलं की फस्त! मीही खाल्ला, फुकटचं कोण सोडतं? पुढे गेममध्येच माझ्यावर खटला उभा राहिला आणि भर कोर्टात तोच डबा निघाला. चार पिक्सेलचं चित्र ते, पण अक्षरशः ओशाळलो. आजचे कितीतरी चकचकीत गेम असलं काही लक्षातही ठेवत नाहीत.

गाइड उघडू नकोस. आणि आवाज बंद करून तर मुळीच खेळू नकोस, यासुनोरी मित्सुदाचं संगीत म्हणजे अर्धा गेम. शेवट अनेक आहेत. पहिला कसाही लागू दे, 'न्यू गेम प्लस'मध्ये, म्हणजे संपलेला गेम नव्याने सुरू करताना, कमावलेली ताकद घेऊन पुन्हा उतरता येतं.

'ड्रॅगन क्वेस्ट' या दुसऱ्या आरपीजी मालिकेचं नंतर बघू.