सीओटू वेल्डिंगमध्ये टिपेबाहेर वायर किती असावी?

तुम्ही विचारलंय, सेटिंग तेच, वायर तीच, तरी एक जोड पक्का बसतो आणि दुसरा हातोड्याने सुटतो, असं का? मशीन उघडण्याआधी टिप (टॉर्चच्या तोंडातली तांब्याची नळी, जिच्यातून वायर बाहेर येते) आणि जॉब (जोडायच्या प्लेटा) यांच्यातलं अंतर बघा.

टिपेपासून आर्कपर्यंत (वायरच्या टोकाशी पेटणाऱ्या विजेच्या ज्योतीपर्यंत) जी वायर उघडी राहते, ती लांबली की आर्कला पोचायच्या आधीच तापते. आपल्या मशीनवर आपण व्होल्टेज आणि वायरचा स्पीड लावतो, अँपिअर मशीन आपलं आपण घेतं. आधीच तापलेल्या वायरला वितळायला कमी करंट पुरतो, म्हणून अँपिअर उतरतात. वायर मात्र तेवढीच पडत राहते. मग बीड (वितळलेल्या धातूची ओळ) दोरीसारखा फुगून वर बसतो, प्लेटमध्ये शिरत नाही. दिसायला भरीव, तिथंच फसगत.

आमच्याकडे कुपवाड एमआयडीसीत उसाच्या ट्रॉलीची कामं असतात. चासीच्या (ट्रॉलीच्या सांगाड्याच्या) आतल्या कोपऱ्यात नोझल (टिपेभोवतीचं, गॅस सोडणारं तोंड) जात नाही, मग पोरं टॉर्च लांबूनच धरतात. 1.2 मिमीच्या वायरला टिपेबाहेरची लांबी 12 मिमीवरून 20-22 वर गेलात की 20-30 अँपिअर सहज जातात. वेल्डिंग चालू असताना दुसऱ्याला मीटर बघायला सांगा, दिसेल. वर पंखा चालू असेल तर लांब धरलेल्या नोझलचा गॅस उडतो आणि बीडमध्ये पिनहोल (बारीक भोकं) येतात, ते वेगळंच. अशा कोपऱ्याला निमुळतं नोझल घ्या आणि टिप नोझलच्या तोंडाबरोबर किंवा किंचित बाहेर ठेवा.

साध्या सीओटूवर, कमी करंटला 10 ते 15 मिमी ठीक. आर्गॉन मिक्स गॅस घेऊन स्प्रेवर (जास्त करंटला, वायर बारीक थेंबांत पडते तसं) चालवत असाल तर 18-20 लागतं. फार जवळही नको, वायर टिपेलाच चिकटते आणि नोझल स्पॅटरने (उडालेल्या धातूच्या थेंबांनी) भरतं.

आणि टिप बदला हो! भोक झिजून मोठं झालं की वायर टिपेत तोंडाशी न टेकता आत कुठंतरी टेकते. बाहेरून 12 मोजलं तरी खरी लांबी जास्त असते.

खात्रीसाठी 6 मिमीच्या दोन पट्ट्या टी आकारात, एकाच बाजूने जोडा आणि उभी पट्टी हातोड्याने बीडवर पाडा. तुटलेल्या जागी मुळाशी प्लेटची मूळ कड सरळ, न वितळलेली दिसली, तर जोड लागलेलाच नव्हता. एक तुकडा 12 वर, एक 22 वर करून शेजारी ठेवा.