दुर्लक्षित आजारांवरील संशोधनासाठी ब्रिटनला येताना

सार्वजनिक आरोग्यातील पदव्युत्तर शिक्षणानंतर दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांवर (हत्तीरोग, काळा आजार यांसारख्या) पीएच.डी. करण्यासाठी ब्रिटनमध्ये यावे का आणि पुढे विद्यापीठातच स्थिरावता येईल का, असे आपण विचारले आहे. जरूर यावे, मात्र विद्यापीठाआधी आजार आणि मार्गदर्शक निश्चित करावा. उष्णकटिबंधीय वैद्यकाच्या लिव्हरपूल (१८९८) आणि लंडन (१८९९) येथील संस्थांचे नाव मोठे आहे, पण नुसत्या नावावर प्रबंध उभा राहत नाही. मार्गदर्शकाचे अलीकडचे शोधनिबंध काढून, ज्या देशात पाहणी झाली तेथील संशोधकांना लेखकांच्या यादीत कोणते स्थान मिळाले आहे, हे पाहावे. संशोधनाचा प्रश्न ठरवताना तेथील सहकाऱ्यांना विचारले जात नसेल, तर त्या गटात जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रत्यक्ष गावपातळीवर काम केल्याशिवाय या विषयात मुरता येत नाही. विष्ठेतील जंतांची अंडी सूक्ष्मदर्शकाखाली मोजण्याच्या काटो-कॅट्झ पद्धतीने नमुन्याची काचपट्टी केली, की तीत वापरलेल्या ग्लिसरीनमुळे अंकुशकृमीची (आतड्यातील एका जंताची) अंडी तासाभरातच पारदर्शक होऊन दिसेनाशी होतात. म्हणून सूक्ष्मदर्शक गावाजवळ न्यावा लागतो आणि काचपट्ट्या लगेच तपासाव्या लागतात. हे स्वतः केलेला संशोधक तक्त्यात शून्य दिसले तरी लगेच निश्चिंत होत नाही. नमुना केव्हा तपासला, हे तो आधी विचारतो. जोडीला संख्याशास्त्र पक्के हवेच.

नोकरीचे म्हणाल, तर पीएच.डी.नंतरची पदे बहुधा अनुदानावरची, ठरावीक मुदतीची असतात आणि व्हिसाही बहुतेकदा त्याच नोकरीशी बांधलेला असतो. २०२१ मध्ये ब्रिटनने परकीय मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आणली, तेव्हा हत्तीरोग, खुपऱ्या, काळा आजार यांवरील मोठा कार्यक्रम मुदतीआधीच गुंडाळावा लागला. २०२५ मध्ये अमेरिकेनेही हात आखडता घेतला. त्यामुळे एकाच दात्याच्या पैशावर चालणाऱ्या गटाबाबत विशेष सावध राहावे. शिष्यवृत्तीत परदेशी विद्यार्थ्याचे पूर्ण शुल्क आणि पाहणीचा प्रवासखर्च धरला आहे का, हे लेखी विचारून घ्यावे. बाझेल (स्वित्झर्लंड) आणि अँटवर्प (बेल्जियम) येथील उष्णकटिबंधीय वैद्यकाच्या संस्थाही तितक्याच तोलाच्या आहेत, तेव्हा तेथेही अर्ज करावा. त्याआधी त्या मार्गदर्शकाच्या माजी विद्यार्थ्यांना पत्र लिहून, प्रबंधाला किती वर्षे लागली आणि पुढे ते कोठे रुजू झाले, एवढे अवश्य विचारावे.