ग्राहकागणिक वेगळी ब्रँच ठेवावी का?

नागपुरात चौघांची टीम, तीन ग्राहकांना एकच बिलिंग सॉफ्टवेअर, आणि गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) प्रत्येकाची कायमची ब्रँच, म्हणजे बदलांची स्वतंत्र फांदी. हे बरोबर का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते नाही. आयटी पार्कजवळच्या एका छोट्या ऑफिसात मीही हे भोगलंय. एका बगची दुरुस्ती तीन ठिकाणी चेरी-पिक करायची, म्हणजे तोच बदल उचलून प्रत्येक ब्रँचवर लावायचा, आणि तिसरं ठिकाण हमखास विसरायचं! कोड एकच ठेवा, ग्राहकांमधला फरक कॉन्फिगमध्ये (सेटिंगच्या फाइलमध्ये) टाका. प्रॉडक्टच वेगळं असेल तरच वेगळी रेपो (कोडचा साठा).

कामापुरत्या ब्रँच मात्र बिनधास्त काढा. गिटमध्ये ब्रँच म्हणजे कोडची कॉपी नव्हे. एका कमिटकडे (नोंदवलेल्या बदलाकडे) बोट दाखवणारी साधारण ४१ बाइटची फाइल, ४० अक्षरांचा हॅश (त्या कमिटची ओळखखूण) अन् एक न्यूलाइन (ओळ संपल्याची खूण). पण दोन-तीन दिवसांत मेनमध्ये, म्हणजे मुख्य ब्रँचमध्ये, मर्ज करून (मिसळून) उडवा. जुन्या ब्रँचचे कॉन्फ्लिक्ट (एकमेकांशी न जुळणारे बदल) सोडवता सोडवता तर्री-पोहे थंड होतात.

नावं 'बग/जीएसटी-राउंडिंग' अशी द्या. गंमत म्हणजे नुसत्या 'बग' नावाची ब्रँच आधीच असेल तर ही बनतच नाही, कारण स्लॅशच्या आधीच्या भागाचं गिट फोल्डर करतं, आणि त्या नावाची फाइल तिथे आधीच बसलेली असते.