पिकाला प्रक्रिया केलेलं सांडपाणी देताय? आधी नत्राचा (नायट्रोजनचा) हिशेब मांडा
प्रक्रिया झाली म्हणजे पाण्यातलं खत संपलं, असं समजू नका. लिटरमागे 20 मिलिग्रॅम नत्र असेल आणि हंगामात 500 मिलिमीटर पाणी दिलंत, तर हेक्टरी 100 किलो नत्र आपसूक पडलं. म्हणजे 200 किलोंहून जास्त युरिया! तेवढं खत कापा. मातीचे कण ऋणभारित, नायट्रेट हे नत्राचं रूपही ऋणभारित; सारखे भार एकमेकांना ढकलतात, मग त्याला धरणार कोण? ते सरळ भूजलात उतरतं. स्फुरद (फॉस्फरस) सहसा वरच्या थरातच अडकतं, त्याची चिंता नंतर. पालाशवर (पोटॅशियमवर) मात्र नजर ठेवा, पाण्यातलं सोडियम त्याला कणांवरून हुसकावतं. जमिनीत साचलेले क्षार धुवायला जादा पाणी लागतंच, पण ते पिकानं नत्र उचलल्यावर द्या. रेताड जमिनीत पाण्याच्या पाळ्या हलक्या ठेवा. पाण्याचा तपासणी अहवाल दर हंगामाला नवा घ्या.